चारशेच्या वेगाची गाडी

त्या दिवशी सकाळपासून माझं पोट दुखत होतं. आजारी नव्हतो. भीती वाटली की माझं पोट दुखतं, शाळेपासूनची खोड आहे. बावीस वर्षं मी टोइंगचा ट्रक चालवतोय. बंद पडलेल्या, ठोकलेल्या गाड्या पाठीवर घालायच्या आणि गॅरेजला पोचवायच्या. ठोकलेल्या गाडीचं एक बरं असतं, तिला आणखी काय होणार? त्या दिवशी मात्र ट्रकवर चढवलेली गाडी अगदी धडधाकट होती.

जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्या असतात ना, त्यातली एक. जाहिरातीच्या शूटिंगसाठी महिन्याभरापुरती परदेशातून आणलेली. ओरखडासुद्धा न पडता परत जायला हवी, असं कागदावर लिहून माझी सही घेतली होती. आदल्या संध्याकाळी माझ्या मुलीने मोबाइलवर शोधून सांगितलं, "पप्पा, ही ताशी चारशेच्या पुढे जाते. वरचा वेग खुला करायला वेगळी चावी असते." मी म्हटलं, "मला ती अंधेरीहून गोरेगावला पोचवायचीय गं. तेवढी सुखरूप जाऊ दे."

गाडी ट्रकवरून उतरवायला आणि शेवटची चार पावलं चालवायला सोबत अंकल होते. अंधेरीतल्या जुन्या गावठाणातले, पासष्टीचे. तिथल्या चर्चमागे त्यांचं बैठं घर. तीस वर्षं श्रीमंतांच्या परदेशी गाड्या चालवलेला माणूस. अशी गाडी आली की आमची कंपनी त्यांनाच बोलवायची. माझ्या शेजारी बसून ते निवांत चणे खात होते. मी मात्र दर सिग्नलला खाली उतरून चाकांचे पट्टे चाचपत होतो.

"अरे, किती वेळा बघशील? पळून जाणारेय का ती?"

"अंकल, पट्टा सैल झाला तर?"

"मग वाट लागेल. बस आता गप."

गोरेगाव पूर्वेला स्टुडिओच्या गल्लीपाशी आलो तर अर्धा रस्ता पाइपासाठी खणलेला. पत्रे लावून एक गाडी जाईल एवढीच वाट ठेवलेली. माझा ट्रक वळेना. स्टुडिओचं फाटक तीनेकशे पावलांवर असेल. आमच्या कंपनीच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "गाडी इथेच उतरवा, अंकलना चालवत नेऊ दे. मी निघालोच आहे."

उतरवली. इंजिन सुरू झालं तशी गल्लीतल्या खिडक्या उघडल्या, पोरं मोबाइल घेऊन धावली. मी हातात दोन लाकडी फळ्या घेऊन पुढे, मागे पायी चालावं त्या वेगाने ती गाडी. मध्येच एक स्पीड ब्रेकर आला. नवा, सिमेंटचा, कुणीतरी मनानेच केलेला, चांगला नडगीच्या निम्म्यापर्यंत उंच. गाडीचं नाक बटणाने जरा वर उचलता येतं, तेवढं अंकलनी उचललं. मी फळ्या लावल्या. पुढची चाकं चढतील असं दिसत होतं, पण ती पलीकडे उतरली की पोट टेकणार होतं. आणखी दोन फळ्या हव्या होत्या. त्या ट्रकवर राहिल्या होत्या.

त्या आणायला वळलो तर मागे एक रिक्षा येऊन थांबलेली. रिक्षामागे पाण्याचा टँकर, त्यामागे टेम्पो. रिक्षातून एक बाई ओरडली, "ओ दादा, गाडी काढा ना! माझ्या बाबांना श्वास घेता येत नाहीये!"

मी वाकून पाहिलं. म्हातारे गृहस्थ, अंगाने भरलेले, तिच्या खांद्यावर मान टाकलेली. ओठ निळसर. हॉस्पिटल गल्लीच्या त्या टोकाला होतं. टँकरला मागे जाता येत नव्हतं. ट्रकवरच्या फळ्या आणून लावायच्या तर दहा मिनिटं तरी जाणार होती. उचलून न्यावं तर पलीकडे एकही रिक्षा नव्हती.

साहेबांना पुन्हा फोन लावला. "मी येईपर्यंत इंचभर हलवायची नाही," ते म्हणाले. "वीस मिनिटांत पोचतो."

वीस मिनिटं. मी गाडीच्या टपावर हात टेकला. मग पटकन उचलला, ठसा उमटेल म्हणून. त्याही वेळी मला ठसा सुचत होता, याची आज लाज वाटते.

अंकलनी काच खाली केली. "मला इथून खालचं काही दिसत नाही रे. तू बघ आणि सांग. जाते की घासते?"

मी रस्त्यावर पालथा पडलो. खाली हात घालून अंदाज घेतला. जात नव्हती. दोन बोटं तरी घासणारच होती. मागून ती बाई आता ओरडत नव्हती, नुसती "बाबा, बाबा" म्हणत होती.

मी उठून म्हटलं, "जाईल, अंकल. घ्या."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि घेतली. आवाज असा आला, जणू पत्र्यावरून कुणी खिळा ओढतंय, आणि शेवटी कट्कन काहीतरी मोडलं. त्यांनी ब्रेक लावला नाही. सरळ फाटकातून आत नेली. रिक्षा आमच्या बाजूने भरधाव निघून गेली. बाईने वळूनसुद्धा पाहिलं नाही. कशाला पाहील?

खालचं आवरण हातभर चिरलं होतं, नाकाखालची पट्टी तुटली होती. साहेब आले, त्यांनी वाकून बघितलं. मग विचारलं, "कुणी हलवली?"

"मी," अंकल म्हणाले. "माझा अंदाज चुकला."

मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात लेखी जबाब घेतला, तेव्हाही 'मी फळ्या लावल्या' एवढंच लिहिलं. अंकलना पुन्हा बोलवायचं नाही असं ठरलं.

आठ दिवस धड जेवलो नाही. बायको म्हणाली, "मनात काय दाबून ठेवलंयस ते बोल तरी." नवव्या दिवशी मी आधी त्या गल्लीत गेलो. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं, रिक्षातले ते काका कालच घरी आले, चालतात, बोलतात. तिथून तसाच ऑफिसात गेलो. घासणार हे मला दिसलं होतं, तरी मीच खोटं सांगून गाडी घ्यायला लावली, असं दुसरा कागद घेऊन लिहिलं. साहेबांनी तो वाचला आणि मला महागड्या गाड्यांच्या कामावरून काढून हायवेवरच्या ठोकलेल्या गाड्यांवर टाकलं. अंकलबद्दलचा निर्णय बदलला नाही.

हे सांगायला त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसून रेडिओ उघडून काहीतरी जुळवत होते. सगळं ऐकून भडकलेच.

"कोणी सांगितलं होतं लिहायला? तुझी मुलगी शिकतेय अजून!"

"अंकल, मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"माहितीये मला. जाईल म्हणताना तुझा आवाज ऐकलास का, कसा आला होता? मी काय आजच गाडी चालवायला लागलोय?"

"मग का घेतलीत?"

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "ती बाई मलाही ऐकू येत होती. तू घासते म्हणाला असतास तर मला घेता आली नसती ना रे," ते म्हणाले, आणि आतल्या बाजूला वळून दोन चहा सांगितले.