ओल्या पोत्यावरचा ब्लॉक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती शेवटच्या आजारात रात्रंदिवस माझ्यासमोर होती, तेव्हाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही विलासला ओळखत नाही — एवढंच.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझी इंजिनकामाची शेड आहे. दर आठवड्याला कुणीतरी हौशी येतो, मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो आणि विचारतो — छोट्या स्पोर्ट्स गाडीत दुसरंच मोठं इंजिन बसवणं करण्यासारखं आहे का? मग मी ताकद, वजन, गिअरबॉक्स असलं बोलत बसतो. शहाण्यासारखा. खरं तर एवढंच सांगायला हवं, की आहे ते इंजिन दुरुस्त होतंय का ते आधी बघा. नेमकं तेच तोंडातून निघत नाही.

विलास माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या थोरल्या भावाने, दादाने, हौसेने दोन सीटची, कापडी टपाची लाल गाडी घेतली होती. लहानसं पेट्रोल इंजिन. दादा अचानक गेला आणि गाडी विलासकडे आली. तो ती फारशी चालवायचा नाही. रविवारी सकाळी दारात नुसती चालू करून पायरीवर बसायचा. म्हणायचा, "डोळं मिटलं की दादा आत्ताच आलाय असं वाटतंय बघ."

एकदा तेलात पाणी आलं. गाडी माझ्याकडे आली.

तेलात पाणी म्हणजे एक तर हेडचं गॅस्केट गेलेलं — एका दिवसाचं काम. नाहीतर ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या ओतीव लोखंडी धडालाच चीर — मग इंजिन संपलं. मी उघडलं. गॅस्केट जळलं होतं. ब्लॉक धडधाकट होता.

पण शेडच्या कोपऱ्यात एका ठोकलेल्या पिकअपचं डिझेल इंजिन पडून होतं. एवढ्याशा गाडीत ते बसवायचं — अख्ख्या उद्यमनगरात कुणी केलं नव्हतं. नाव होईल, लोक बघायला येतील. दुसरं काय कारण? दुसरं काहीच नव्हतं.

आमच्याकडे ओतीव लोखंड वाजवून बघतात. साखळीला टांगून हातोडी मारायची; खणखणीत वाजलं तर माल चांगला, बद्द वाजलं तर चीर. विलासला हे माहीत होतं, कोल्हापूरचाच तो. म्हणून तो यायच्या आधी मी ब्लॉक साखळीवरून उतरवला, ओल्या पोत्यावर ठेवला. त्याच्यासमोर हातोडी मारताना डावा हात वर दाबून धरला. धडधाकट ब्लॉक बद्द वाजला.

विलास गुडघ्यावर बसला. ब्लॉकवर हात फिरवला. मग म्हणाला, "दुसऱ्यानं दुरुस्तीच्या नावानं झुलवत ठेवलं असतं की रं. तू हाईस म्हणून खरं सांगितलंस."

तेव्हा तरी बोलायचं होतं — नाही? उलट दुसऱ्याच दिवशी ब्लॉक फौंड्रीच्या भट्टीत पाठवला. कुणी पुन्हा वाजवून बघायला नको.

डिझेल इंजिन बसलं. गगनबावड्याच्या घाटात गाडी सुसाट चढली. वळणावर मात्र नाक जड, बाहेर ओढायची. लोक बघायला आले. नाव झालं. विलास "लई पळती" म्हणाला. पुढच्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो, तर गाडीवर ताडपत्री होती आणि तो आत टीव्ही बघत होता. पिकअपच्या खडखडाटात दादा कुठून येणार? ती ताडपत्री पुन्हा निघाली नाही. माझ्याकडे यायचंही त्याने हळूहळू कमी केलं — रागाने नाही, येण्यासारखं काही उरलं नाही म्हणून. शेडमध्ये दिवसभर माणसं असतात. तरी इतका एकटा मी कधी नव्हतो.

गेल्या वर्षी तो आला. "जुन्या इंजिनाचं काय उरलंय का रं? एखादा तुकडा बी चालंल."

काहीच उरलं नव्हतं. मी रॅकवरून कुठल्याशा टेम्पोचा पिस्टन काढला, पुसला आणि त्याला दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.

तो पिस्टन आता दादाच्या फोटोपुढे असतो. खंडेनवमीला विलास त्याला हळद-कुंकू लावतो, झेंडू वाहतो आणि मला जेवायला बोलावतो. मी जातो. त्याच्या शेजारी उभा राहून हात जोडतो.