ब्रेकला घातलेलं खोबरेल

हसायचं असेल तर आधीच पोटभर हसून घ्या आणि चहाचा कप खाली ठेवा, कारण मधेच ठसका लागला तर मी जबाबदार नाही. मी केलेला हा शहाणपणा आमच्या हळर्ण गावात आम्हा नवरा-बायकोशिवाय कोणाला ठाऊक नव्हता. परवा घरातच ते गुपित फुटलं, म्हणून आता तुम्हालाही सांगून टाकतो.

तुम्हाला माहीतच आहे, मी प्राथमिक शाळेचा मास्तर. निवृत्त झालो, पण कान काही निवृत्त झाले नाहीत. तीस-बत्तीस वर्षं 'गप्प बसा' म्हणण्यात गेली. दार करकरलं, रहाट कुरकुरला, पंखा खडखडला की मला ते सहन होत नाही. आणि त्यावर आमच्या घरात एकच औषध, खोबरेल तेल. घरचे माड, घरचं खोबरं, घाण्यावरून काढून आणलेलं तेल. तेच डोक्याला, तेच गुडघ्याला, तेच समईत आणि तेच बिजागरीला. छत्रीच्या काड्यासुद्धा मी खोबरेलावर पोसल्या आहेत. आजवर एकाही वस्तूने तक्रार केली नव्हती.

तर काय झालं, आमची ती जुनी पांढरी गाडी ब्रेक लावला की किंचाळायला लागली. पुढच्या डाव्या चाकातून 'कुईंऽऽ' असा आवाज. मी वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, पोचायच्या आधी आवाज पोचायचा. शेजारचा कुत्रा पहिल्या दिवशी भुंकला, दुसऱ्या दिवशी त्याने उत्तर म्हणून तसाच सूर लावला.

सुनंदाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, तिथल्या तिथे सांगितलं, "ब्रेकाचो आवाज हा तो. मेस्त्रीक दाखवा."

सुनंदाचे वडील डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचे. तिचं लहानपण ट्रकच्या केबिनमध्ये गेलेलं. पण मी मास्तर ना! घरात कोण कोणाला शिकवणार? मी म्हटलं, बघतो, आणि तिलाही गप्प बसवलं.

आता खरी अडचण ऐका. आमची एकुलती एक मुलगी वैशाली आमोण्याला दिलेली. तिला आठवा सरत आलेला आणि पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी आणायची होती. रविवार ठरला होता. पुढे लगेच अमावास्या, त्यामुळे दिवस पुढे ढकलायची सोय नव्हती. व्याही माणसं भली, पण नीटनेटकी. त्यांच्या अंगणात मी 'कुईंऽऽ' करत गाडी उभी करायची? आणि लोक म्हणणार, ह्या डबड्यात घालून हे आमची सून नेणार? ते मला नको होतं. म्हणजे बघा, मला काळजी मुलीची नव्हती, आवाजाची होती. हे आता कळतं.

शुक्रवारी सुनंदा देवळात गेल्यावर मी काम हातात घेतलं. स्टिअरिंग पूर्ण वळवलं, मागच्या चाकाला दगड लावला आणि पुढे वाकून बघितलं. आत एक चकचकीत तबकडी दिसली आणि तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारं काहीतरी. म्हटलं, बरोबर! लोखंडाला लोखंड घासतंय, मग ओरडणार नाही तर काय करणार? नळीच्या तोंडाच्या जुन्या बाटलीत खोबरेल भरलं आणि त्या चिमटीत सढळ हाताने चांगलं चमचाभर सोडलं.

वाड्यावर एक फेरी मारली. आवाज गायब. अगदी लोण्यासारखी गाडी. मला इतका आनंद झाला की संध्याकाळी पाव घेऊन पोदेर आला, तेव्हा त्याच्या सायकलचा ब्रेकही करकरतो हे माझ्या लक्षात आलं आणि मी बाटली घेऊन बाहेर गेलो. तो उंडे पाव मोजता मोजता शांतपणे म्हणाला, "नाका सर. म्हाका दर दारांत थांबचें पडटा."

तेव्हा मी हसलो. म्हटलं, बिचाऱ्याला यंत्रातलं काय कळणार.

शनिवारी पेडण्याला बाजाराला गेलो तर नवीनच भानगड. ब्रेक लावला की गाडी उजवीकडे ओढायची. एका मासेवाल्या बाईच्या टोपलीजवळ गेलो, तर तिने माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. पण डोकं आहे ना मास्तराचं! मी विचार केला. तेल डावीकडे घातलं, उजवीकडे नाही, म्हणजे तोल गेला. तराजूचं एक पारडं जड झालं तर आपण काय करतो? दुसऱ्यातही घालतो. घरी येऊन उजव्या चाकालाही तितकंच तेल पाजलं. चमच्याने मोजून.

आणि काय सांगू, हिशेब बरोबर आला. गाडी ओढायची थांबली. अगदी सरळ जायला लागली. अंगणातल्या अंगणात ती जरा उशिरा थांबतेय असं वाटलं, पण मी म्हटलं, तेलाने मऊ झालीय.

रविवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. मागच्या सीटवर ओटीची साडी, नारळ आणि सुनंदाने केलेल्या लाडवांचा डबा. वैशालीच्या पाठीला लावायला दोन उशाही घेतल्या होत्या. गाव सुटलं, दोन-चार वळणं झाली आणि सुनंदा नाक वर करून म्हणाली की कोणाकडे तरी खोबरेलात काहीतरी तळतायत. मी म्हटलं, रविवार आहे, तळणारच.

पुढचं गाव आलं. वास तसाच. तिसरं गाव आलं. वास वाढलेला.

"आजून तळतत?" तिने विचारलं आणि माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं. माझ्या मनात त्या वेळी पाल चुकचुकायला हवी होती. पण मला फक्त भूक लागली होती.

डिचोलीच्या अलीकडे एक लांब उतार आहे. आम्ही वरून उतरायला लागलो आणि खाली वळणावर म्हशींचा कळप रस्ता ओलांडत होता. घाई नाही, गडबड नाही, सगळा रस्ता त्यांचा. मी ब्रेक दाबला. पायाखाली ब्रेक दगडासारखा घट्ट, पण गाडी चाललेलीच. आणखी दाबला. सीटवरून उठून उभा राहिल्यासारखा दाबला. समोरून धूर यायला लागला, घाणा पेटल्यासारखा वास सुटला आणि गाडी सरळ, अतिशय सरळ, म्हशींकडे निघाली.

माझी वाचाच बसली. ज्याने जन्मभर दुसऱ्यांना गप्प केलं, त्याला गप्प करायला दोन चमचे तेल पुरलं.

सुनंदा ओरडली नाही. एक हात तिने डॅशबोर्डवर टेकला आणि वडील शेजारी बसून सांगत असावेत अशा आवाजात बोलायला लागली. "अॅक्सिलेटराक पाय लावू नका. गियर खाली आणा. दुसरो. आता पयलो. हँडब्रेक वायच वायच ओढा, एकदम नको. डावीकडे घ्या, त्या मातयेच्या ढिगाऱ्यार."

मी पहिलीतल्या पोरासारखं सांगितलं तेवढंच केलं. इंजिन रडलं, मागची चाकं खरवडली आणि गाडी लाल मातीच्या ढिगात नाक खुपसून थांबली. म्हशींनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

सुनंदाने धुराकडे बघितलं, पुन्हा नाक वर केलं. मग ती म्हणाली, "तेल घातलास?"

मी मान हलवली.

"एका चाकाक?"

"दोनय चाकांक," मी म्हटलं.

तिने मागच्या सीटवरच्या त्या दोन उशांकडे बघितलं. मीही बघितलं. परतीला त्या उशांना टेकून वैशाली बसणार होती. मी गाडीची किल्ली काढली आणि सुनंदाच्या हातात दिली.

उताराच्या पायथ्याशीच एक पत्र्याची शेड होती, बाबल मेस्त्रीची. माणूस वेंगुर्ल्याकडचा, खाणीच्या ट्रकांसाठी इथे आला आणि इथलाच झाला. रविवार म्हणून शेड बंद, पण घर मागेच. तो आंघोळ करून पूजेला बसायच्या बेतात होता. सुनंदाने जाऊन दोन वाक्यांत अडचण सांगितली. मी ऐकत होतो. तिने 'ब्रेक लागत नाहीत' एवढंच सांगितलं, तेलाचं नावही काढलं नाही. पोरीला आणायला निघालोय म्हटल्यावर त्या माणसाने सोवळं सोडून पुन्हा कळकट शर्ट घातला.

त्याने मला काही विचारलं नाही. आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघितली, ती ठीक होती. मग आत बसून पॅडल दाबलं. मला म्हणाला की पॅडल मऊ लागलं असतं, खाली गेलं असतं, तर आत हवा शिरली किंवा कुठेतरी गळतंय म्हणायचं. पाय थरथरला असता तर तबकडी वाकली म्हणायचं. इथे तसं काहीच नाही. मग जॅक लावून चाक काढलं, आत नाक घातलं आणि तसाच थांबला.

"खोबऱ्याचा तेल," तो म्हणाला. "घरच्या घाण्याचा दिसता. बेस वास हा."

माझी मान खाली. त्याने पॅड काढून माझ्या तळहातावर ठेवलं. झिजून बिस्किटासारखं पातळ राहिलेलं, वर तेलाचा काळा थर. कडेला पत्र्याची एक बारीक पट्टी.

"मास्तरानू, ही जीभ बघा. पॅड झिजलो काय ही तबकडेक लागता आणि आरडता. मुद्दाम लावलेली असता ती. ती तुमका सांगी होती, पॅड बदला म्हणान. तुमी तिच्या तोंडात तेल घातलास." मग जरा थांबून म्हणाला, "ब्रेक घासता म्हणान गाडी थांबता. घासलाच नाय तर थांबतला कसा?"

एवढ्या सोप्या भाषेत मी कधी कुठला धडा शिकवला नव्हता. आठवतंय, पोदेरही तेच सांगत होता.

तेल प्यालेलं पॅड धुऊन उपयोग नसतो, ते फेकायचंच असतं. बाबल स्कूटर काढून दुकानदाराच्या घरी गेला, त्याला जेवणावरून उठवून नवीन पॅड घेऊन आला. दोन्ही तबकड्या स्वच्छ पुसल्या, मागचे ब्रेकही उघडून बघितले आणि तिथे हात चालवताना म्हणाला की आज हे मागचेच तुमच्या उपयोगाला आले. मग स्वतः गाडी घेऊन तो उतार तीनदा वर-खाली करून आला. शेजारी सुनंदाला बसवलं होतं. मला रस्त्याच्या कडेला उभं केलं. तिने मान डोलवल्यावरच त्याने किल्ली माझ्या हातात दिली.

आमोण्याला पोचलो तेव्हा सगळी जेवणासाठी खोळंबलेली. व्याह्यांनी काळजीने विचारलं, काय झालं? मी तोंड उघडायच्या आत सुनंदा म्हणाली की टायर पंक्चर झाला, मास्तरांनी एकट्याने बदलला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी ताटाकडे बघत भात कालवत बसलो. त्या बाईचे उपकार मी कुठे ठेवू? जीव वाचवला आणि वर अब्रूही वाचवली. वैशालीने मात्र जवळ येऊन हळूच म्हटलं, "बाबा, तुमच्या हातांक खोबऱ्याच्या तेलाचो वास येता."

परतताना तोच उतार, आता चढायचा होता. पायथ्याशी शेडसमोर बाबल खुर्ची टाकून बसला होता. पूजा झालेली दिसली, कपाळावर गंध होतं. मी मुद्दाम ब्रेक लावला. गाडी थांबली. मागे उशांना टेकून माझी पोर, पुढे तिची आई. त्याने हात वर केला आणि मी स्टिअरिंगवरूनच दोन्ही हात जोडले.  डोळे भरून आले होते, सरळ सांगतो. सुनंदा म्हणाली, हात स्टिअरिंगवर ठेवा.

महिन्याभरात नात झाली. सुदृढ, गोरीगोमटी आणि आवाज? अगदी त्या डाव्या चाकाचा. 'कुईंऽऽ'.

परवा दुपारी ती अशी रडायला लागली. मी तिच्या मालिशसाठी तेल घ्यायला म्हणून उठलो, खरंच मालिशसाठी. माझा हात बाटलीकडे गेला मात्र, सुनंदा उठली. बाटली उचलली, कपाटात ठेवली आणि मला म्हणाली, "आदी बघा, कशाक आरडता ता."

बघितलं. दुपटं ओलं होतं. बदललं, पोर गप्प.

वैशाली आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघत राहिली. आई बाटली का लपवतेय, तिला कळेना. मग काय, सगळं सांगावंच लागलं. ती हसून हसून पाठ धरून बसली. तोवर सुनंदाने कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली.

कुलूप जरासुद्धा करकरलं नाही. त्याला मागच्या आठवड्यात मीच तेल घातलं होतं.