वाऱ्यासाठीचा पंख

जपानातल्या माएबाशीत स्पोर्ट्स कारला मागचा पंख बसवावा तो सुनागामामांनीच. भोक पाडण्याआधी डिकीवर चिकटपट्टी लावून ते दहादा माप घेत. तोंडाला मात्र त्यांनी पट्टी कधी लावली नाही.

ओरिमोच्या गाडीला त्यांनी पंख बसवला, तशी त्याची बायको नोबुए दुकानात येऊन कडाडली, "ही फळी कशाला ठोकलीत?"

"वाऱ्यासाठी असतो तो, वहिनी!" मामा ऐटीत म्हणाले. "तुम्हाला नाही कळायचं."

पुढच्या आठवड्यात मामा ओरिमोच्या घरावरून चालले होते. डोंगरावरचा कोरडा वारा सुटला होता. पंखावर लोणच्याचे मुळे ओळीने वाळत होते, आणि ओरिमो तोंड पाडून सायकलला हवा भरत होता.

"बरे सापडलात, मामा!" नोबुए म्हणाली. "कळलं हो मला! आता पर्सिमनची फळं वाळवायला वर आणखी एक बसवा."