पद्मजाच्या नावावर

पद्मजा पेणची. आम्ही शाळेपासून मैत्रिणी. सत्त्याण्णव साली ती रोह्याच्या एका औषध कंपनीत कॉम्प्युटरवर लागली. प्रयोगशाळेने माल तपासला की पास-नापास मशीनमध्ये चढवायचं, हे तिचं काम. वडील अंथरुणाला खिळलेले. घर तिच्या पगारावर चाले.

तिथे ज्याचा त्याचा पासवर्ड होता. वापरत मात्र सगळे पद्मजाचाच. साहेबांना स्वतःचा आठवत नसे. बाकीच्यांना कंटाळा. एकदा तिने तो बदलला. केमिस्ट निलेश खवळला. तिने त्याला राखी बांधली होती.

"काय गो पद्मे, भावापासून चोरी?"

"चोरी कसली? नियम आहे."

"नियम परक्यांना. तुझे दागिने हायत काय त्याच्यात?"

सगळे हसले. तिने सांगून टाकला.

मार्चमध्ये नापास माल पास म्हणून बाहेर गेला आणि बोंबलत परत आला. नोंद पद्मजाच्या नावावर. त्या दिवशी ती रजेवर होती, वडिलांना अलिबागला दवाखान्यात नेलं होतं.

साहेब म्हणाले, "म्हणजे पासवर्ड फोडलास. कुणाला दिलास?"

"सगळ्यांना. तुम्हालाही."

साहेबांनी एकेकाला विचारलं. एकेकाने नकारार्थी मान हलवली. निलेश म्हणाला, "गुप्त गोष्ट ती, साहेब. आमाला कशी ठाव असणार?"

तिला काढलं.

अनुभवाचा दाखला आणायला मी तिच्यासोबत गेले. तिच्या जागी अजून कुणी आलं नव्हतं. साहेब म्हणाले, "निलेश, छापून दे."

निलेश मशीनसमोर बसला. तिचं नाव टाकलं. मग पासवर्ड. बोटं जराही अडली नाहीत. मशीन उघडलं.

"हा कुणाचा रे?" पद्मजाने विचारलं.

निलेशचे कान लाल झाले. प्रिंटर करकरत राहिला. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी सगळं बघितलं होतं.

"निघा आता," ते दाखल्यावर सही करून खिडकीकडे तोंड फिरवत म्हणाले, "पेणची गाडी चुकेल."

त्या खोलीत चार माणसं होती, चौघांनाही खरं माहीत होतं. मीही निघायला उठले. वाटलं, पद्मजा कागद फाडेल, निलेशच्या तोंडावर फेकेल.

तिने सही कुठे आहे ते पाहिलं. शिक्का मागून घेतला. शिक्क्याच्या दाखल्याशिवाय दुसरीकडे तिला कुणी उभं केलं नसतं.

"थँक्यू, साहेब," ती म्हणाली.