दत्तारामला जे सांगितलं नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवासमोर हात जोडून उभा राहिलो तरी मी दुसराच काहीतरी विषय काढतो — हसू नका, खरंच काढतो. मुलीची परीक्षा, आईचे गुडघे. हे सोडून सगळं. आता तुम्हाला सांगायला बसलोय तर कुठून सुरू करू तेच कळत नाहीये.

माझ्या छातीपासूनच करतो. लाज वाटते, पण तिथूनच सुरुवात आहे.

मी चव्वेचाळीस वर्षांचा. घाटकोपरला चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. वाढलो कांजूरमार्गला, चाळीत. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वॉचमन झाले. शेजारच्या खोलीत दत्ताराम. त्याचे वडील आणि माझे वडील एकाच खात्यात, गावं एकमेकांना लागून, मालवणाकडची. आम्ही दोघं एकाच वर्षी जन्मलो आणि दोघांना एकच खोड मिळाली — छाती. अंगाने फार जाडे नव्हतो आम्ही, पण छाती मुलींसारखी. तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू झालं आणि गेलंच नाही. बाकीच्या पोरांनी आम्हाला काय काय नावं ठेवली असतील, ती तुम्हीच समजून घ्या. मे महिन्यात गावी गेलो की सगळे नदीत उड्या मारायचे. आम्ही दोघं काठावर, शर्ट घालून. दत्त्या म्हणायचा, "मिल्या, आपल्याला सर्दी आहे असं सांगू." भर मे महिन्यात दोघांना एकदम सर्दी!

एकमेकांशी याबद्दल आम्ही कधी नीट बोललो नाही. गरजच नव्हती. जगात एक माणूस होता ज्याला मला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. लक्षात घ्या हे.

दत्ताराम पुढे बसवर ड्रायव्हर लागला. सुरेखाशी लवकर लग्न झालं, मुलगी झाली. आरे कॉलनीतून जाणारी गाडी बरीच वर्षं त्याच्याकडे होती. सुट्टीच्या दिवशी मी उगाच त्याच्या गाडीत बसायचो, त्याच्या सीटच्या मागे. तबेल्यापाशी म्हशी रस्त्यावर आल्या की तो हॉर्न मारायचा नाही. गाडी थांबवायचा आणि म्हणायचा, "जाऊ दे रे त्यांना, त्यांचं घर आहे." त्या खुर्चीत तो वेगळाच दिसायचा. तिथे त्याला कोणी हसत नव्हतं.

माझं लग्न मात्र ठरता ठरत नव्हतं. चौतिशी आली. खरं सांगू? मीच ठरू देत नव्हतो. लग्नानंतर शर्ट काढावा लागेल, या एका विचाराने मी तीन स्थळं परतवली. आणि मग एक जाहिरात वाचली — नको असलेली चरबी, तासाभरात, दुपारच्या सुट्टीत या आणि मोकळे होऊन जा. लायपोसक्शन. अंधेरीत एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली केस कापायचं दुकान. मी गेलो. पांढऱ्या कोटातल्या माणसाने माझी छाती पाहिली, पेनने दोन गोल काढले आणि म्हणाला, काही नाही हो, सुईएवढं भोक पाडायचं, नळी घालायची, चरबी ओढायची. रक्त तपासलं नाही. वजन केलं नाही. आधी कसला आजार होता का, हेही विचारलं नाही. भूल देणारा वेगळा डॉक्टर असतो हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे तो कुठे आहे, हे मी विचारलं नाही. एका कागदावर सही घेतली. मी कागद वाचला नाही. आमच्याकडे फ्रेम घ्यायला येणारे लोक माझ्यापेक्षा जास्त चौकशा करतात.

घरी सांगितलं, दुकानाच्या कामाने पुण्याला चाललोय, चार दिवस.

त्यांनी छातीत बधिर करायचं औषध भरलं. बाटल्यांवर बाटल्या. थोड्या वेळाने तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव आली. मग ओठ बधिर झाले. कानात शिट्टी वाजायला लागली. मी म्हणालो, मला कसंतरी होतंय. तिथली बाई म्हणाली, घाबरू नका, सगळ्यांना होतं. मग माझा जबडा आपोआप थडथडायला लागला — आणि पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा खिडक्या उघडल्या होत्या, ती बाई रडत होती आणि पांढरा कोट माझ्या गालावर चापट्या मारत होता. म्हणाला, "तुम्ही काही खाऊन आला नव्हता का? साधी चक्कर होती."

साधी चक्कर. मलाही तेच हवं होतं, म्हणून मी ते मानून घेतलं, आणि थोड्या वेळाने त्याने नळी घालून काम उरकलं.

चार दिवस अंधेरीतल्याच एका लॉजमध्ये पडून होतो. सूज दाबून ठेवायला अंगात घट्ट जाकीट. भोकांतून लालसर पाणी झिरपायचं, चादर खराब होऊ नये म्हणून मी खाली वर्तमानपत्रं पसरली होती. कूस बदलली की कागदाचा आवाज यायचा. आईचा फोन आला की सांगायचो, पुण्यात गार आहे. एवढं एकटं मला आधी कधी वाटलं नव्हतं. पण मी स्वतःला सांगत होतो — झालं, संपलं, आता हे कुणाला कळायचं कारण नाही.

आणि छाती सपाट झाली. छान झाली, खोटं कशाला बोलू? वर्षाच्या आत लग्न झालं. काखेखालचे दोन बारीक डाग बायकोने विचारले तेव्हा म्हणालो, गळवं झाली होती. टी-शर्ट घालायला लागलो. लोक विचारायचे, काय केलंस रे? मी म्हणायचो, जिम. दत्त्यानेही विचारलं. त्यालाही म्हणालो, जिम.

त्याला तरी खरं सांगायचं ना? दुसरं कोण होतं मला? पण तेव्हा वाटलं — आता मी त्या काठावरचा नाही. तो आहे. आणि ते मला आवडलं. हेही सांगून टाकतो, ते मला आवडलं.

तो जिमला जायला लागला. पहाटेची ड्युटी संपवून जायचा, दोन वर्षं. भात सोडला, मासे तळून खाणं सोडलं. गालफडं बसली त्याची. छाती तशीच. मला भेटला की विचारायचा, "मिल्या, तू नक्की कुठला व्यायाम केलास?" आणि मी त्याला व्यायाम सांगायचो. नवीन नवीन. हातवारे करून दाखवायचो.

मग एके दिवशी दुपारी तो दुकानावर आला. मी बाहेर चहाला नेलं. त्याने फोनवर एक जाहिरात काढून पुढे केली. तीच जागा. तोच पांढरा कोट, जरा जाड झालेला. जिना, पाटी, सगळं तेच.

"हे करू काय रे?" तो म्हणाला. "सुरेखाला सांगितलं नाही अजून. हसेल ती. पण भीती वाटते यार. तुझ्या ओळखीत कोणी केलंय?"

मला लोखंडाची चव आली तोंडात. खरंच आली. फक्त एवढंच म्हणायचं होतं — तिथे जाऊ नकोस. मोठ्या हॉस्पिटलात जा, शिकलेल्या सर्जनला विचार, भूल देणारा डॉक्टर समोर असेल तरच झोप. पण मग तो म्हणाला असता, तुला कसं माहीत? आणि मग ते सगळे व्यायाम? ती दोन वर्षं?

मी म्हणालो, "नाही रे, ओळखीत कोणी नाही. पण हल्ली सगळेच करतात. साधं असतं म्हणे."

त्याचा चेहरा खुलला. चहाचा दुसरा कप त्याने मागवला.

पुढच्या आठवड्यात मला त्या जागेवरून फोन आला. नातेवाईक म्हणून त्याने माझा नंबर लिहिला होता. मी पोचलो तेव्हा त्याला खुर्चीत घालून जिन्यावरून खाली आणत होते. झटके येत होते. तोंड वाकडं, डोळे उघडे, छातीवर पेनचे दोन गोल. रिक्षात त्याचं डोकं मी मांडीवर धरलं. हॉस्पिटल जवळच होतं. तरी पोचेपर्यंत त्याचं हृदय बंद पडलं होतं, तिथल्या डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू केलं, असं नंतर कळलं.

आठ दिवस तो आयसीयूत होता. मी रोज जायचो, डबा न्यायचो, औषधं आणायचो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सुरेखाला आणि मला बसवून नीट सांगितलं. हे ऑपरेशन वाईट नाही, म्हणाल्या. नीट तपासण्या करून, ऑपरेशन थिएटरमध्ये, औषध वजनाप्रमाणे मोजून दिलं तर बहुतेक लोक सुखरूप घरी जातात. पण हेच औषध जास्त झालं तर आधी ओठ बधिर होतात, चव बदलते, कान वाजतात. तिथेच थांबायचं असतं. "ज्याला माहीत असतं तो थांबवतो," असं म्हणाल्या. मी मान हलवत होतो. जणू पहिल्यांदाच ऐकतोय.

तो वाचला. पण डावा हात जड राहिला आणि बोलताना शब्द सापडेनासे झाले. झटके आलेल्या माणसाच्या हातात बस देत नाहीत. बरोबरच आहे ते.

सुरेखाने तक्रार करायचं ठरवलं. त्याआधी एकदा तोंडावर विचारते म्हणाली. "भावोजी, तुम्ही याल ना सोबत?" मी गेलो. कसा नाही जाणार? ती, तिचा भाऊ आणि मी. पांढरा कोट टेबलामागे बसला होता. सुरेखाने विचारलं, "माझ्या नवऱ्याला काय केलंत तुम्ही?" तो शांतपणे म्हणाला, "बाई, त्यांच्याच शरीरात काहीतरी दोष असणार. इतक्या वर्षांत आमच्याकडे असं एकालाही झालेलं नाही."

आणि बोलता बोलता त्याची नजर माझ्यावर आली. थांबली. त्याने मला ओळखलं. मला कळलं की त्याने ओळखलं, आणि मला कळलंय हेही त्याला कळलं.

मी काय केलं असेल? तुम्ही सांगा. एक वाक्य बोलायचं होतं — मला झालं होतं. सुरेखाचा भाऊ सगळं फोनवर रेकॉर्ड करत होता. तेवढ्या एका वाक्याने तिच्या तक्रारीला आधार मिळाला असता.

मी खाली पाहिलं. टेबलावर काच होती, तिच्याखाली कॅलेंडर होतं. मी त्यातले वार वाचत बसलो.

तक्रार पुढे गेली नाही. पुरावा काय, आधी असं घडलंय का, सगळीकडे तेच विचारत होते. शेवटी सुरेखा थकली. ती जागा वर्षभर तशीच सुरू होती, मग बंद झाली. कुठे हलली मला माहीत नाही. मी शोधली नाही. त्या वर्षभरात तो जिना कितीजण चढले असतील, तेही मला माहीत नाही.

दत्त्याची आई त्या दिवसांत माझा हात धरून म्हणाली होती, "माझ्या झिलाक तूच वाचयलंस रे बाबा." मी तिला तसंच मानू दिलं. ती आता नाही. तसंच मानून गेली.

दत्ताराम हल्ली डेपोत हलक्या कामावर आहे. बसमध्ये विसरलेल्या वस्तू खिडकीत बसून परत करतो — छत्र्या, डबे, एकेक चप्पल. मी गेलो की खूश होतो. "मिल्या," म्हणतो आणि पुढचा शब्द शोधत राहतो. मी वाट बघतो. आता माझ्या घरीही मी फारसा बोलत नाही. बायको विचारते, गप्प का असतोस? मी म्हणतो, दुकानात दिवसभर बोलून कंटाळतो.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी जेवायला होतो. त्याच्या मुलीला नोकरी लागली म्हणून. बांगड्याचं तिखलं होतं, सोलकढी होती. दत्त्याला डाव्या हाताने ताट धरता येत नाही, म्हणून मुलगी त्याच्या शेजारी बसली होती. सुरेखाने पहिलं ताट माझ्यासमोर ठेवलं. म्हणाली, "भावोजी, तुम्ही होतात म्हणून."

मी जेवलो. दुसऱ्यांदा भातही मागून घेतला.