कॅरव्हॅनमधला अडेल हीटर

थोरलीच्या जन्माच्या वेळी आम्ही बहरीनमध्ये सनद गावाच्या पुढे, कंपनीच्या साइटवर एका अमेरिकन कॅरव्हॅनमध्ये राहत होतो. फ्लॅट मिळेपर्यंत म्हणून दिलेली ती चाकांवरची खोली वर्षभर आमच्या गळ्यात राहिली. बाळंतपणाला मालवणहून आई आली होती. जानेवारी होता, उत्तरेचा वारा सुटला होता. बहरीनला थंडी नसते म्हणणारा कुणी भेटला असता, तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

कॅरव्हॅनला गॅसवरचा हीटर होता. त्या सकाळी तो पेटेना. बटण दाबलं की पंखा घुरघुरायचा, पण ज्योत धरायची नाही. पोरीची पावलं गार पडलेली. आमचे हे साइटवरचे इलेक्ट्रिशियन. त्यांनी सिलिंडर बदलला, बॅटरी बदलली, वायरी तपासल्या. मला उठायची बंदी, म्हणून मी कॉटवरूनच तोंड चालवत होते.

"अख्ख्या कंपनीचे एसी सांभाळता, आणि घरातला हीटर पेटत नाही?"

"पेटेल, इंशाल्ला."

"इंशाल्ला नको. आत्ता पेटवा."

त्या हीटरलाही मी मेल्या, मुडद्या, सगळं म्हणून घेतलं.

दुपारी हे बाहेरच्या बाजूने बघायला गेले आणि कापडाचा मोठा बोळा घेऊन परतले. आईच्या जुन्या लुगड्याचा. यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आई शेगडीपाशी होती तोवर त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं. हीटर जिथून हवा घेतो आणि धूर सोडतो, ती बाहेरची जाळी या बोळ्याने गच्च बंद केली होती. हवा पुरेशी नसेल तर गॅस सुटूच नये, अशी त्या यंत्राची रचना, म्हणून ते अडून बसलं होतं. पेटलं असतं तर विषारी वायू खोलीत कोंडला असता, आणि त्याला वासही नसतो.

मी भडकले. तेवढ्यात आई ओव्याची गरम पुरचुंडी घेऊन पोरीला शेकायला आली. बोळा दिसताच म्हणाली, "तो कित्याक काढलास? बाळंतणीक वारो लागाक नये. सगळी भोकां बुजवलंय मियां." एवढ्या वाऱ्यात ती खोक्यावर चढून बोळे कोंबत होती, हे मला तेव्हा कळलं. मी पोरीची पावलं शेकायला तिच्यापुढे केली.

हे शांतपणे म्हणाले, "आई, त्या हीटराक पण वारो व्हयो. नायतर तो पेटणा नाय." बाकीचं त्यांनी गिळून टाकलं. त्या क्षणी मला हा माणूस फार आवडला.

आईने आतले बोळेही स्वतः काढले. हीटर पेटला. तिने गरम वाऱ्यावर हात धरले आणि ते पोरीच्या पावलांना लावले. मी दिवसभर शिव्या घातलेल्या त्या यंत्राने माझी लेक वाचवली होती, आणि माझ्या आईला तिच्या मरणाचं कारण होऊ दिलं नव्हतं. मला रडू फुटलं.

"रडतंस कित्याक गो?" आईने विचारलं.

"ऊब आली," मी म्हणाले.