कागद आधी वाचून दाखवा

डॉ. वत्सलाबाई शिधये यांची नि माझी पहिली गाठ पडली तेव्हा मी शुद्धीत नव्हतो. गौरवग्रंथात असं लिहू नये, असं संपादकांचं मत पडलं. पण बाईंविषयी लिहायचं आणि झाकून लिहायचं, हे मला जमणार नाही.

सत्तर सालच्या सुमाराची गोष्ट. पिंपरीच्या एका कारखान्यात मी टर्नर होतो. हातभट्टीपायी तिसरी नोटीस हातात पडली होती; आता चुकलो की नोकरी गेली, अशी गत. थोरल्या बंधूंनी मला टेम्पोत घातलं आणि बाईंच्या व्यसनमुक्ती केंद्रात आणून टाकलं. भरतीच्या कागदावर माझा अंगठा उठवला. तेव्हा सगळीकडे असंच चालायचं. दारुड्याला काय विचारायचं!

तिसऱ्या दिवशी मी पलंगावर बसून वर्तमानपत्र वाचत होतो. फेरीवर आलेल्या बाई थबकल्या.

"तुम्हाला वाचता येतं?"

"सातवी पास हाय मी."

"मग कागदावर अंगठा कसा?"

मला काय ठाऊक! बाईंनी कागद मागवला, माझ्यासमोर फाडला आणि म्हणाल्या, "चूक आमची झाली. तुम्हाला विचारलंच नाही. राहायचं की जायचं, तुम्ही सांगा."

मी चपला घातल्या. तेवढ्यात दादा डबा घेऊन आले. त्यांचा तोल सुटला. "बाई, तुमी दार उघडून देताय व्हय? उद्या ह्यो दापोडीच्या रुळावर पडला म्हंजी?"

"पडले तर मला जन्मभर लागून राहील," बाई म्हणाल्या. "पण यांना कोंडायचा हक्क मला नाही."

त्या दिवशी मला बाई भोळ्या वाटल्या. बाहेर पडलो आणि संध्याकाळी पुन्हा प्यायलो, हेही सांगून टाकतो. मात्र रोज सकाळी आमच्या कारखान्याच्या गेटसमोरच्या चहावाल्याकडे बाई स्वतः येऊन विचारतात, 'काल ते कामावर आले होते का?' आणि उत्तर ऐकून निघून जातात, हे मला आठवड्याने कळलं. मला निरोप नाही, उपदेश नाही. मला स्वतःची फार लाज वाटली.

बाराव्या दिवशी मी चालत केंद्रात गेलो.

"कोणी आणलं?"

"कोनी न्हाई. मीच आलो."

बाईंनी नवा कागद घेतला, एकेक ओळ वाचली आणि प्रत्येक ओळ मला माझ्या शब्दांत सांगायला लावली. एक ओळ मला नीट सांगता येईना, तर त्यांनी ती खोडून सोप्या भाषेत लिहिली. मग मी सही केली. त्यानंतर मी दारूला शिवलो नाही, नोकरीही टिकली. पुढे केंद्रात येणाऱ्यांना कागद वाचून दाखवायचं काम बाईंनी माझ्याकडे दिलं. शिफ्ट सुटली की मी ते करतो.

काही वर्षांनी अशा केंद्रांसाठी राज्यात कायदा करायचं घाटत होतं. मसुद्यात नातेवाइकांची सही पुरेशी धरली होती. पुण्याच्या बैठकीला बाई मला बरोबर घेऊन गेल्या. एक साहेब हसून म्हणाले, "शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं म्हणजे रोगी पळून जाईल."

बाई म्हणाल्या, "हे पळाले होते. यांनाच विचारा."

मी उभा राहिलो. जे घडलं ते सांगितलं. माझ्यासारखेच जाऊ दिलेले दोघे परतलेच नाहीत, हे बाईंनी स्वतःहून सांगितलं. त्यांची नावंही घेतली. तरीही रोग्याचीच सही हवी, ही मागणी त्यांनी मागे घेतली नाही. मसुदा अजून कुठल्याशा टेबलावर पडून आहे.

बाई साठीच्या झाल्या. तो कायदा रोग्याच्या सहीसकट झालेला पाहण्याइतकं, आणि नंतर त्यातल्या चुका काढण्याइतकं निरोगी आयुष्य त्यांना लाभो, हीच मनापासून इच्छा.

हा मजकूर टाइप करून आणल्यावर संपादक म्हणाले, "खाली सही करा." मी म्हटलं, "थांबा. आधी वाचून दाखवा."